जोत्याजवळची भेग बुजवण्याआधी कशी तपासावी

मे महिना निम्मा सरला की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये परांच्या उभ्या राहतात आणि रंगारी लांबीचा (पुटीचा) डबा घेऊन भिंतीवरची प्रत्येक चीर सारख्याच तत्परतेने बुजवत सुटतो. गिलाव्यावरची निरुपद्रवी केसाएवढी चीर, खांबाच्या कडेने उतरलेली गंजाळलेली रेघ आणि जोत्यापासून खिडकीकडे तिरकी चढत गेलेली भेग, या तिन्हींवर एकाच दिवशी एकच रंग चढतो. आमच्या इमारतीतही काही वर्षांपूर्वी असेच झाले. पुढच्या पावसाळ्यात जिन्याजवळची भेग पुन्हा उघडली, तेव्हा पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की ही भेग प्रथम कधी दिसली आणि तेव्हा ती किती रुंद होती. जमलेल्या सभासदांपैकी एकालाही त्याचे उत्तर देता आले नाही. एवढेच आठवत होते, की रंग लावण्याआधी तिथे ‘काहीतरी’ होते.

इमारतीच्या तळाशी, म्हणजे जोत्याच्या भिंतीत, तळमजल्याच्या खांबांच्या बुडाशी किंवा तळघराच्या भिंतीत भेग दिसली, तर तिचे ठिकाण, दिशा, रुंदी आणि कालांतराने होणारी हालचाल या चार गोष्टींची तारीखवार नोंद करणे हे पहिले काम आहे. निदान अभियंत्याने करायचे असते; परंतु त्यासाठी लागणारा पुरावा तिथे राहणाऱ्या माणसालाच गोळा करता येतो, कारण अभियंता तासाभरासाठी येतो आणि भेगेला वर्षभराचा इतिहास असतो.

इमारत कोणत्या प्रकारची आणि कोणत्या जमिनीवर आहे

एकाच आकाराच्या भेगेचा अर्थ इमारतीच्या प्रकारानुसार बदलतो. गिरगाव, परळ, माझगाव भागातल्या जुन्या चाळी आणि वांद्रे, गोराई किंवा उत्तनच्या गावठाणातली जुनी घरे बहुधा दगडी जोत्यावर आणि जाड विटांच्या किंवा दगडाच्या भिंतींवर उभी असतात. कित्येक चाळींत त्यांच्या जोडीला सागवानी खांब आणि तुळया असतात. अशा घरात भिंत हीच भार वाहते, त्यामुळे भिंतीची भेग ही थेट आधाराची भेग असते. याउलट १९६० नंतर बांधलेल्या बहुसंख्य इमारती आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या कॉंक्रीटच्या, सांगाड्याच्या आहेत. त्यांत भार खांब आणि बीम वाहतात व मधली वीटभिंत केवळ आडोसा करते. तिथे भिंतीत रुंद भेग असूनही इमारत सुरक्षित असू शकते आणि खांबात सुतासारखी भेग असूनही ती धोक्यात असू शकते. भिंत आणि खांब यांतला हा फरक न ओळखता काढलेले अनुमान बहुतेक वेळा चुकते. गिलाव्यामुळे खांब कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे कळत नसेल, तर सोसायटीकडे असलेल्या मंजूर नकाशातून किंवा स्ट्रक्चरल आराखड्यातून ते आधी समजून घ्यावे.

जमिनीचाही विचार करावा लागतो. मुंबईच्या टेकड्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या आहेत आणि त्यांच्या उतारावर कमी खोलीवर मुरूम किंवा खडक लागतो; तिथे पाया खचण्याची शक्यता तुलनेने कमी असते. मात्र हे शहर सात बेटांमधली खाडी आणि दलदल भरत भरत वाढलेले आहे. वडाळा, शिवडी, माहीमच्या खाडीलगतचा पट्टा किंवा वांद्रे-कुर्ला परिसर अशा ठिकाणी भरावाखाली मऊ सागरी चिकणमाती आहे आणि ती भाराखाली वर्षानुवर्षे दबत राहते. इमारत खडकापर्यंत गेलेल्या पाइलवर (जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर) उभी असेल, तर ती जागची हलत नाही, पण तिच्याभोवतीचे अंगण, लाद्या, कुंपणाची भिंत आणि जमिनीतले ड्रेनेजचे पाइप भरावाबरोबर खाली जातात. जोते आणि अंगण यांच्यात बोटभर फट पडलेली पाहून ‘बिल्डिंग खचली’ अशी हाकाटी होते ती पुष्कळदा याच कारणाने. प्रत्यक्षात अंगण खचलेले असते. ही फट लगेच घाबरण्यासारखी नसली तरी दुर्लक्ष करण्यासारखीही नाही, कारण तिच्यातून पावसाचे पाणी जोत्याखाली जाते आणि खचणाऱ्या भरावामुळे ड्रेनेजचे सांधे निखळून सांडपाणी मातीत मुरू लागते.

भेग गिलाव्यातच आहे की आत गेली आहे

मडके घेताना ते वाजवून पाहतात, तसा गिलावाही वाजवून पाहावा. लहान हातोडीने किंवा नाण्याच्या कडेने भेगेच्या दोन्ही बाजूंना हलके ठोकले असता खणखणीत आवाज आला, तर गिलावा भिंतीला धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर तो सुटला आहे. जाळ्यासारख्या पसरलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक चिरा बहुधा गिलावा आकसल्यामुळे पडतात आणि त्या आतल्या थरापर्यंत जात नाहीत. शंका राहिली तर गवंड्याकडून वीटभिंतीवरचा तळहाताएवढा गिलावा काढून आतल्या विटेत किंवा दगडाच्या सांध्यात भेग चालू आहे का, हे पाहावे. खांब किंवा बीम यांवर मात्र हा प्रयोग स्वतः करू नये. तिथे गिलाव्याखाली कॉंक्रीटचे कवच आणि त्याच्या आत सळया असतात आणि छिन्नीचे चुकीचे घाव कुजलेल्या खांबाला परवडणारे नसतात.

आणखी एक साधी खूण म्हणजे भेगेची दुसरी बाजू. भिंतीच्या बाहेरच्या अंगावर दिसणारी भेग आतल्या अंगावर त्याच उंचीवर आणि त्याच दिशेने दिसत असेल, तर ती भिंतीच्या पूर्ण जाडीतून गेलेली आहे. आत कपाट, ओटा किंवा लाद्या असतील तर हे पाहणे कठीण जाते, पण ते टाळू नये.

दिशा आणि आकार काय सांगतात

आरसीसी बीमच्या खालून किंवा खांबाच्या कडेने अगदी सरळ रेषेत गेलेली बारीक भेग ही वीटकाम आणि कॉंक्रीट यांच्या सांध्याची असते. दोन्ही पदार्थ उष्णतेने आणि ओलीने वेगवेगळ्या प्रमाणात हलतात आणि सांध्यावर गिलावा करताना जाळी लावलेली नसली की तो तिथे फाटतो. गच्चीच्या स्लॅबखाली वरच्या मजल्यावर पडणाऱ्या आडव्या भेगा उन्हाच्या असतात. त्यांचा पायाशी संबंध नसतो. इमारतीच्या मुख्य अंगाला नंतर जोडलेल्या भागाच्या सांध्यावर पडलेली उभी भेग मुंबईत इतकी सर्रास दिसते, की तळमजल्याच्या घराला वाढवलेली खोली, बाहेर काढलेले संडास किंवा स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, बांधून काढलेले दुकान दिसले की आधी तोच सांधा पाहावा. जुना भाग खोल पायावर आणि नवा भाग हातभर खोल चरावर उभा असल्यामुळे नवा भाग खाली बसतो किंवा बाहेरच्या बाजूला कलतो. भेग वरच्या टोकाला अधिक रुंद असेल, तर नवा भाग कलतो आहे असे समजावे.

तिरक्या भेगांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. वीटकामाच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत जाणारी किंवा दाराखिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी निघणारी भेग पायाचा एक भाग दुसऱ्यापेक्षा जास्त खचल्याचे सुचवते. सलग भिंतीत ठोकताळा असा, की अशी भेग वर चढत ज्या बाजूला जाते त्या बाजूचा पाया बसलेला असतो, कारण भेगेखालचा तुकडा खचलेल्या पायाबरोबर खाली उतरतो आणि वरचा तुकडा जागेवर राहतो. भिंतीच्या टोकाचा पाया खचला तर भेग वर रुंद आणि खाली अरुंद असते. मधला भाग खचला तर खाली रुंद असते. दारे-खिडक्या जास्त असल्या की भेग सोयीची वाट धरते, म्हणून एका भेगेवरून निष्कर्ष काढू नये. कागदावर भिंतीचे रेखाचित्र काढून तिच्यावरच्या सगळ्या भेगा एकत्र दाखवल्या, की पुष्कळदा खचलेला कोपरा आपोआप डोळ्यांत भरतो.

भेगेच्या दोन्ही कडा एकाच पातळीत आहेत का, हेही बोट फिरवून पाहावे. एक कड दुसरीच्या पुढे आली असेल तर भिंत केवळ फाटलेली नसून बाहेर ढकलली गेली आहे. तळघराच्या किंवा उतारावरच्या संरक्षक भिंतीत साधारण मधल्या उंचीवर आडवी भेग आणि तिथेच पोट आलेले दिसले, तर मागची भिजलेली माती आणि पाणी भिंतीला रेटत आहेत. भिंतीच्या माथ्यापासून ओळंबा सोडून दर फुटाला दोरी आणि भिंत यांच्यातले अंतर मोजले की पोट किती आले आहे ते आकड्यात कळते. ही भेग रुंदीने लहान असली तरी तिला तिरक्या भेगेपेक्षा तातडीची मानावे, असे माझे मत आहे. अशा भिंतीमागे पावसाळ्यात पाणी तुंबले, की वाट पाहण्याला वाव उरत नाही.

गंजाची भेग वेगळी ओळखावी

मुंबईतल्या आरसीसी इमारतींच्या तळाशी दिसणाऱ्या भेगांत पाया खचल्याने पडलेल्या भेगांपेक्षा गंजाच्या भेगा कितीतरी अधिक आढळतात, असा माझा पाहण्यातला अनुभव आहे. ताज्या कॉंक्रीटमधला अल्कधर्मी गुण, म्हणजे सुमारे १२ ते १३ इतका पीएच, सळईवर संरक्षक थर टिकवून ठेवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा गुण कमी करतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेतले व खाऱ्या भूजलातले क्लोराइड तो थर फोडते. मग सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापत असल्यामुळे कॉंक्रीटचे कवच आतून फुटते. म्हणून ही भेग सळईच्या मार्गाने जाते. खांबात ती उभी, कोपऱ्यापासून दोन-तीन बोटांवर असते आणि बीममध्ये तळाच्या कडेला समांतर असते. तपकिरी ओघळ, फुगलेला कोपरा, ठोकल्यावर बद्द आवाज आणि शेवटी गळून पडलेला पोपडा व उघडी सळई, हा तिचा क्रम आहे.

खांबाचे बूड यात सर्वांत आधी बळी पडते. जमिनीतली ओल तिथून वर चढते, स्टिल्टमध्ये गाड्या धुतल्याचे पाणी तिथेच साचते, आणि (हे लिहिताना संकोच वाटतो, पण पाहणीत ते दिसते) भटकी कुत्री वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यांवर लघवी करतात. त्यावर सोसायटी शोभेसाठी ग्रॅनाइट किंवा टाइल्स लावते आणि आतला गंज नजरेआड होतो. खांबावरच्या टाइल्स मधूनच सुटत असतील, तर सिमेंट कमी पडले असे समजून त्या पुन्हा चिकटवण्याऐवजी आतले कॉंक्रीट फुगले आहे का, ते पाहावे.

पाणी कुठून येते आहे

पायाजवळच्या भेगेचा शोध बहुधा पाण्यापर्यंत जातो आणि मुंबईत पाण्याच्या वेळेवरून त्याचा उगम ओळखता येतो. शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भेगेभोवतीची ओल पाऊस सुरू झाल्यावर वाढून दिवाळीपर्यंत सुकत असेल, तर ती पावसाची किंवा पावसाळी भूजलाची आहे. ती बाराही महिने तशीच राहत असेल, तर ड्रेनेज, सेप्टिक टाकी किंवा पाइपलाइन यांकडे वळावे. महापालिकेचे पाणी बहुतेक भागांत ठरावीक वेळेलाच येते. त्या वेळेच्या आसपास भिंत ओली होत असेल, तर येणारी पाइपलाइन फुटलेली आहे. जमिनीखालची सक्शन टाकी बऱ्याच इमारतींत तळमजल्याच्या खांबांना खेटूनच बांधलेली असते. रात्री पंप बंद करून, वापर थांबवून आणि आत येणारा व्हॉल्व्ह बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि पहाटे ती पुन्हा पाहावी. पातळी उतरली असेल तर ते पाणी खांबांच्या पायाखालची माती भिजवत आहे आणि भराव असेल तर त्यातले बारीक कण वाहूनही नेत आहे.

खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर तळघराच्या गळतीची वेळ भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत, पाऊस नसतानाही गळती वाढत असेल, तर मागे खारे पाणी आहे आणि तिथल्या सळयांची काळजी दुप्पट घ्यावी लागेल. भिंतीवर पांढरा लोणा (क्षारांचा थर) चढलेला असेल तर तो पुसून तारीख लिहावी आणि किती दिवसांत पुन्हा येतो ते पाहावे. या थराच्या वरच्या रेषेवरून ओल किती उंचीपर्यंत चढते तेही कळते.

पिंपळ, वड आणि उंबर यांची रोपे जोत्याच्या सांध्यात आणि पाइपांच्या फटीत फुटलेली दिसली तर ती लहान असतानाच मुळासकट काढावीत. नुसती वरून छाटली तर मूळ आत जाड होत राहते आणि दगडी जोत्याचे सांधे उकलते. मोठे झाड तोडण्यापूर्वी मात्र १९७५ च्या राज्याच्या वृक्ष जतन कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मोजणी आणि नोंद

रुंदी मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. गॅरेजमध्ये वापरतात ते फीलर गेज किंवा वेगवेगळ्या जाडीच्या रेघा छापलेले पारदर्शक क्रॅक कार्ड स्वस्तात मिळते. तेही नसेल तर छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर आणि बँकेच्या कार्डाची जाडी सुमारे ०.७६ मिलिमीटर असते, एवढे ध्यानात ठेवले तरी अंदाज येतो. बँकेचे कार्ड भेगेत सहज जात असेल तर ती भेग एक मिलिमीटरच्या जवळ पोहोचली आहे असे समजावे. भारतीय मानक ब्युरोच्या भेगांवरील पुस्तिकेत १ मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीच्या भेगेला बारीक, १ ते २ मिलिमीटरच्या भेगेला मध्यम आणि त्याहून मोठ्या भेगेला रुंद म्हटले आहे. आरसीसी घटकांच्या आराखड्यासाठी आयएस ४५६ या मानकात सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटर, सतत ओलीत किंवा मातीच्या व भूजलाच्या संपर्कात असलेल्या भागासाठी ०.२ आणि तीव्र वातावरणात ०.१ मिलिमीटर अशी मर्यादा आहे. म्हणजे वीटभिंतीत ज्या भेगेकडे आपण ढुंकूनही पाहणार नाही, तीच खांबाच्या बुडाशी असेल तर मर्यादेबाहेरची ठरते.

रुंदीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न हा, की भेग थांबलेली आहे की चालू आहे. त्यासाठी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख लिहावी. पुढे टोक त्या खुणेच्या पलीकडे गेले की भेग लांबली, असे निर्विवाद दिसते. रुंदीसाठी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणे निश्चित करावीत आणि प्रत्येक ठिकाणी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवून त्यांच्या डोक्यांमधले अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. हे काम वीटभिंतीत करावे. खांबाला भोके पाडू नयेत, तिथे कार्डानेच मोजावे. पूर्वीपासूनची पद्धत म्हणजे गिलावा काढून भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना इपॉक्सीने (घट्ट धरणाऱ्या रासायनिक गोंदाने) चिकटवणे. भिंत हलली तर काच तडकते. प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपकाही लावतात, पण आपल्या पावसाळ्यात ओल्या भिंतीवर तो मऊ पडून सुटतो, म्हणून जोत्याजवळ काच बरी. काच हालचाल झाली एवढेच सांगते, किती झाली ते सांगत नाही, हे लक्षात घेऊन स्क्रूंची मोजणी सोडू नये.

मोजणी शक्यतो सकाळी ठरलेल्या वेळी एकाच माणसाने करावी. पावसाळ्यात आठवड्याला एकदा आणि एरवी महिन्याला एकदा पुरे. मात्र मेपासून पुढच्या मेपर्यंत वर्षभर करावी, म्हणजे कोरडी जमीन आणि भिजलेली जमीन या दोन्ही अवस्था नोंदीत येतात. पावसाळ्यात उघडून हिवाळ्यात मूळ आकड्यावर परत येणारी भेग आणि दर पावसाळ्यात थोडी उघडून परत न मिटणारी भेग यांत महत्त्वाचा भेद आहे; दुसऱ्या प्रकारात पाया टप्प्याटप्प्याने बसतो आहे. फोटो काढताना भेगेशेजारी मोजपट्टी आणि तारखेची चिठ्ठी ठेवावी आणि दर वेळी तेवढ्याच अंतरावरून काढावा.

इमारत कलते आहे का, हे पाहण्यासाठी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी अजूनही उत्तम आहे. स्टिल्टमधल्या सगळ्या खांबांवर नळीने एकाच पातळीची बारीक रेघ मारून ठेवावी आणि सहा महिन्यांनी नळी पुन्हा लावून पाहावी. जमिनीवर गोटी घरंगळते म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मोरीकडे आणि बाल्कनीकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. दारे अडकण्याचेही तसेच. पावसात लाकूड फुगून दार घासते आणि दिवाळीनंतर सुटते. ते नोव्हेंबर उलटल्यावरही घासत असेल, तर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते असमान असतील आणि फरक वाढत असेल, तर दोष लाकडाचा नाही.

शेजारी खोदकाम होणार असेल तर

पुनर्विकासामुळे आज मुंबईत जवळजवळ प्रत्येक गल्लीत कुठेतरी तळघरासाठी खोल खड्डा खणला जात आहे. खड्ड्यातले पाणी सतत उपसले की शेजारच्या भरावातली पातळी उतरते आणि मऊ माती दबते. खडक फोडण्याच्या यंत्रांची कंपने वेगळीच. खोदकाम सुरू होण्याआधी आपल्या इमारतीच्या सर्व भेगांची तारखेसह छायाचित्रे, नळीच्या रेघा आणि मोजमापे घेऊन त्यांची एक प्रत विकासकाला व एक वॉर्ड कार्यालयाला पत्रासोबत देऊन पोच घ्यावी. नंतर तक्रार करताना ‘ही भेग आधीचीच आहे’ या उत्तराला तेवढाच तोडगा असतो.

अभियंत्याकडे काय मागावे

भेग दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराकडून ‘मोफत तपासणी’ करून घेऊ नये, कारण ज्याच्याकडे जे रसायन विकायला असते त्याचाच रोग त्याला दिसतो. महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरला स्वतंत्रपणे नेमावे आणि दुरुस्तीच्या कामात त्याचा आर्थिक संबंध नसावा. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीसाठी दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितले आहे. शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळींचे रहिवासी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे अर्ज करू शकतात.

अहवालात केवळ छायाचित्रे आणि ‘भेगा आढळल्या’ असे शेरे असतील तर तो परत करावा. आरसीसी इमारतीत रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारी हातोडी), ध्वनिलहरींच्या वेगाची चाचणी, कार्बोनेशनची (कार्बन डायऑक्साइडने अल्कधर्मी गुण घालवल्याची) खोली, सळईच्या गंजाची हाफ-सेल चाचणी आणि आवश्यक तिथे कॉंक्रीटचा कोअर (कापून काढलेला नमुना) यांचे निकाल कोणत्या खांबावर कोणत्या उंचीवर घेतले, हे लिहिलेले असावे. कार्बोनेशनची चाचणी आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगावी. नुकत्याच फोडलेल्या कॉंक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारे रसायन मारल्यावर निरोगी भाग गुलाबी होतो आणि अल्कधर्मी गुण गेलेला भाग रंगहीन राहतो. पाया खचल्याची शंका असेल तर पायाशेजारी चाचणीखड्डा खणून पाया, माती आणि पाणी प्रत्यक्ष पाहिले गेले का, असे विचारावे. महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे राहण्यास अतिधोकादायक व तत्काळ रिकामी करून पाडण्याची, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून वा पाडून मोठी दुरुस्ती करण्याची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करण्याची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची इमारत. दोन ऑडिटचे निष्कर्ष परस्परविरोधी आले तर महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जाते. तिथे तुमची वर्षभराची नोंदवही कोणत्याही वक्तृत्वापेक्षा उपयोगी पडते.

जिथे मोजत बसू नये

काही लक्षणे दिसल्यावर नोंदवही बाजूला ठेवावी. खांबातले कॉंक्रीट चुरडून सळया बाहेर वाकलेल्या दिसणे, खांबाला आरपार तिरकी भेग पडणे, भेग काही तासांत लांबताना दिसणे, तिच्यातून ताजी भुकटी गळत राहणे, कडकड आवाज येणे, काल नीट लागणारी अनेक दारे आज एकदम अडकणे, यांपैकी काहीही घडले तर सर्व मजल्यांवरच्या लोकांना सामान न आवरता बाहेर काढावे आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला १९१६ वर किंवा अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. रात्र आहे, पाऊस आहे, म्हातारी माणसे आहेत या सबबी अशा वेळी खऱ्याच असतात, तरीही बाहेर पडावे लागते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची साई दर्शन ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. म्हणून तळमजल्याच्या दुकानात किंवा नर्सिंग होममध्ये तोडफोड सुरू असताना नवी भेग दिसली, तर ते काम त्याच क्षणी थांबवायला लावावे आणि अभियंता येईपर्यंत सुरू होऊ देऊ नये.

दुरुस्तीचा निर्णय यानंतरचा. चालू भेगेत इपॉक्सी भरले तर भिंत तिच्या शेजारी नव्याने फाटते, म्हणून आधी पाणी बंद करावे, पाया स्थिर करावा आणि मगच भेग भरावी. गंजाच्या भेगेत सुटलेले कॉंक्रीट काढून, सळया साफ करून आणि क्षय जास्त असेल तिथे नव्या सळया जोडून मगच वरचा थर द्यावा. वरून पॉलिमरचा लेप मारून काम संपल्याचे बिल आले तर ते मंजूर करू नये. काम झाल्यावर नव्या गिलाव्यावर जुन्या तिन्ही ठिकाणी पुन्हा खुणा कराव्यात, नोंदवहीत दुरुस्तीची तारीख लिहावी आणि पहिली मोजणी जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर घ्यावी.